पातेलं कुणाचं?

किर्कूकमध्ये पावाच्या भट्टीसमोर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे विद्यापीठातल्या एका मुलीने दोन म्हाताऱ्या शेजारणींना गाठलं होतं.

“तुम्ही तुर्कमेन, या कुर्द. शेजारी म्हणून संबंध कसे आहेत, मावशी? अभ्यासासाठी विचारतेय.”

“कसले संबंध! हिचं पातेलं परत करायला जाते, तेवढंच.”

“रिकामं कसं द्यायचं, म्हणून ही भात घालून आणते. तोही अळणी!”

“आणि तू त्यातून दही पाठवतेस. आंबटढाण!”

“मग ठेवून घे की, गुलिझार. पातेलं तुझंच आहे.”

“माझं? शुद्धीवर आहेस का, पिरोझ? माझी सगळी भांडी तांब्याची. हे ॲल्युमिनियमचं!”

“माझं असतं तर झाकण नसतं माझ्याकडं?”

“म्हणजे पातेलं नक्की कुणाचं?”

“ते राहू दे. तू कुठली गं?”

“मी अरब, बसऱ्याची. इथं मशिदीमागं खोली घेतलीय.”

“एकटीच?”

“हो.”

“पिरोझ, पातेलं सध्या तुझ्याकडंच ना?”

“भरलेल्या द्राक्षपानांचा दोल्मा शिजतोय त्यात.”

“मग आज हिच्याकडं पाठव.”

“नको हो मावशी! मला स्वयंपाक येत नाही. परत देताना काय घालू त्यात?”

“अभ्यास करायलाच आलीयस ना? मग शीक!”