लाल खुणेच्या आत

नाही, पण मी म्हणतो, असली बातमी माणसाच्या तोंडाला साबण फासलेला असताना सांगायची? न्हाव्याच्या खुर्चीत बसलोय, गळ्याशी वस्तरा, आणि रेडिओ म्हणतो, परदेशी बँकेने हात आखडता घेतला, नैवाशाच्या पुढे रूळ जाणार नाहीत... म्हणजे आमच्या किसुमूकडे रेल्वे नाही! न्हावी म्हणतो, "मास्तर, हलू नका, कान जाईल." अरे, कानाचं काय घेऊन बसलास!

तुम्हाला सांगतो, सुरुवातीला काय थाट होता! आमदार ट्रकवर चढून ओरडायचे, "आयाबायांनो, सकाळी तुमचा मासा गाडीत, संध्याकाळी नैरोबीच्या ताटात!" कर्ज त्या परदेशी बँकवाल्यांचं, सिमेंट त्यांचं, इंजिनिअर त्यांचे, रूळसुद्धा त्यांच्याच बोटीतून आलेले. आमचं काय? व्याज! पण विचारणार कोण? रेल्वे येणार होती ना!

मग मोजणीवाले आले, माझ्या भिंतीवर लाल फुली मारून गेले, म्हणजे घर रुळांखाली जाणार. आता डागडुजी नको, पेरणी नको, खुणेच्या आत जे असेल त्याची भरपाई... झालं! माझ्या चुलतभावाने, ओबुराने, आठवड्यात ॲव्होकॅडोची बाग उभी केली. थडग्यालाही भरपाई आहे म्हटल्यावर माझ्या कुंपणाला लागून एक थडगं बांधलं, वर निळा रंग!

"हे कोण रे?"

"आपले ओगोला काका."

"आपल्याला ओगोला काका कधी होते?"

"दादा, तुम्ही शिकायला बाहेर होतात, तेव्हा होते."

माझी बायको अकेयो पोट धरधरून हसली. पाण्याला जाताना रोज थडग्यापाशी थांबायची, "मामंजी, झोप लागली ना?"

गावभर असे काका उगवले. मग रेल्वेच्या साहेबांच्या लक्षात आलं, त्यांनी हुकूम काढला : लाल खुणेच्या आत नवं थडगं चालणार नाही.

त्याच महिन्यात अकेयो गेली.

आमच्यात बाईला तिच्या घराच्या डाव्या अंगाला पुरतात. मेली तरी ती घरचीच राहते. मी साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, तुम्हीसुद्धा?" म्हटलं, "साहेब, माझं खरं आहे हो." म्हणाले, "सगळे हेच सांगतात."

शहरातल्या दफनभूमीत ठेवली तिला, अनोळखी माणसांच्या रांगेत. गावातल्या म्हाताऱ्या माझ्याशी बोलेनात. बायकोला परक्यांत टाकून आला म्हणाल्या. काय सांगणार त्यांना? रेल्वे येणार होती ना!

आणि आता येत नाही म्हणे! तसाच उठलो, अर्धी दाढी घेऊन घरी आलो. डाव्या अंगाची जागा मोकळी, गवत कमरेएवढं. शेजारी ओगोला काका ऐटीत. ओबुरा मान खाली घालून आला. "दादा, काकांना काढतो. वहिनींना आणू."

"काढणार काय? आत आहे कोण?"

तो हसला नाही. मला वाटलं होतं हसेल...

परवानगीसाठी खेटे घातले, आता सही होणार, तेवढ्यात अंगणात जीप! नवे साहेब, नवे पाहुणे. दुसऱ्या देशाची बँक तयार आहे म्हणे. जुन्या फुलीवर नवी फुली. ओबुराने विचारलं, "साहेब, या खेपेला नक्की?" "शंभर टक्के!"

न्हावी म्हणतो, "आणा हो वहिनींना, कोण बघतंय?" आणतो! आणि उद्या पुन्हा उकरू? एका बाईला घराबाहेर काढायचं तरी किती वेळा?

तेव्हा असं आहे. रेल्वे येणार आहे. अकेयोला मी अजून घरी आणलेलं नाही.