याले मनच नही शे!

लिनक्सचं नाव निघालं की मला आमचे आबाच आठवतात. धुळ्याच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसायचे. निवृत्तीला वर्ष उरलेलं आणि कॉम्प्युटरवर आली नवी सिस्टीम, लिनक्स!

पुस्तक घ्यायला दोघं जळगावला गेलो. मी सगळ्यात जाड पुस्तक उचललं. आबांनी ते परत ठेवलं.

"चुकनं ते काय करानं, हाई ज्यामा शे, ते ली ले."

चुकलं तर काय करायचं, हे सांगणारं एकच बारकं पुस्तक सापडलं. त्यात लिहिलेलं, अडलात तर 'मॅन' टाइप करा, पुढे कमांडचं नाव टाका, कॉम्प्युटरच माहिती देईल. इंग्रजी स्पेलिंग वाचून आबा म्हणाले, "हे तर आपलं मन!" आणि 'मन' इंग्रजीत लिहायच्या सवयीनं शेवटी एकाऐवजी दोन एन टाकले. कॉम्प्युटर म्हणाला, अशी कमांड सापडत नाही.

आबा हताश. "भाऊ, याले मनच नही शे!"

अख्खं ऑफिस हसलं.

निवृत्त होऊन पारोळ्याला जाताना आबा ते पुस्तक मला देऊन गेले. काल कामात अडलो, म्हणून इतक्या वर्षांनी उघडलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं:

"अडनं ते मनले इचारानं. एन एकच."