मेरीनं लावलेली तीट

आमच्या पिंकीच्या नाटकाचं तुम्हाले सांगतलं का नाई? पहिलीत होती. शाळेत नाताळाचं नाटक, अन् पिंकी मेरी. तिच्या आईनं हौसेनं डोळ्यात काजळ भरलं. बाळ येशू म्हणजे पिंकीचीच बाहुली.

मॅडमनं बजावलं होतं, "बाळाजवळ चुपचाप बसजो, हलायचं नाई."

तीन राजे आले, म्हणाले, "किती सुंदर बाळ!" तशी पोरीनं स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं अन् येशूच्या गालावर तीट लावली. सारे हसले.

मॅडम मात्र तापल्या. "काऊन हलली तू?"

"मॅडम, तीन-तीन राजे पाहून राह्यले होते. दृष्ट नाई लागत का?"

आता पिंकी पुण्याले नोकरीवर हाय. डिसेंबर आला की मी बाहुली काढतो, झगा झटकतो, हातपाय पुसतो. गालाले मात्र हात लावत नाई.