महामंदीची निवडणूक

नव्या पद्धतीने शिकवायचं म्हणतोस, तर माझं ऐक. देशाचा बाजार खुला झाला त्या वर्षांत मी टावर चौकाजवळच्या हिंदी शाळेत इतिहास शिकवायचो. धड्यात अमेरिकेतली महामंदी आली, तेव्हा हौसेने वर्गाचे गट पाडले. कुणी मजूर, कुणी कारखानदार. गटांनी आपसांत चर्चा करून मंदीवर उपाय शोधायचा, एकेक उमेदवार उभा करायचा, मग मतदान. चिठ्ठ्यासुद्धा मीच कापल्या होत्या.

मजुरांच्या उमेदवाराने सगळ्यांना काम देऊ म्हटलं. मग कारखानदारांच्या गटातली ममता उठली.

"मुझे जिताओ! कल से ये सब बंद, सर सीधे नोट्स लिखवाएँगे!"

सगळी मतं तिलाच पडली, मजुरांचीसुद्धा.

निकाल मान्य करावाच लागला रे. फळा पुसला आणि म्हणालो, "चलो, लिखो. प्रश्न पहला."