गार जीप आणि उस्मानचाचांचा तळहात

जानेवारीतली सकाळ, सहा वाजलेले, मंगळवार पेठेत माझ्या दारात माझी जुनी जीप उभी. थंडीत तिचा दुसरा गिअर पडत नव्हता. सर्व्हिस सेंटरने लिहूनच दिलं होतं की गिअरबॉक्स संपला आणि नवा मिळत नाही. दहा वाजता भंगारवाला येणार होता.

शिरोळात ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या उस्मानचाचांना शेवटचा उपाय म्हणून बोलावलं. मी किल्ली लावताच त्यांनी हात धरला.

"चालू करू नगा. गार हाय तवरच कळतंय. दुपारी पडतोय न्हवं गिअर?"

"पडतो."

"मग मेलाय कसा? मेलेलं माणूस दुपारी उठून बसतंय व्हय?"

त्यांनी गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि दांडा एकदाच हलवला. "दात झकास हायत. तेल चुकलंय."

बातमीदार म्हणून जन्मभर पुरावा मागत आलोय, त्यांनाही मागितला. ते जीपखाली सरकले आणि बोल्ट सोडला. थंडीनं घट्ट झालेलं, काकवीसारखं तेल संथ गळू लागलं. मागच्या चाकांच्या आसात घालायचं जाड तेल कुणीतरी गिअरबॉक्सात ओतलं होतं.

योग्य तेल भरल्यावर, त्याच थंडीत, दुसरा गिअर दोन बोटांनी पडला. मी नुसता चाचांच्या हाताकडे बघत राहिलो.

"हाताकडं काय बघताय, पेपरवाले? चहा सांगा की."

भंगारवाला रिकामा परत गेला. ते जाड तेल दिवाळीत त्याच सर्व्हिस सेंटरने घातलं होतं, त्यांचा सहीशिक्क्याचा कागद माझ्याकडे आहे. तिथल्या नेमक्या कुणी घातलं, हे मी त्यांना तीनदा लेखी विचारलंय. अजून एकाही पत्राला उत्तर नाही.