उलटा छापलेला फोटो

(प्रयोगशाळेतली दुपार. टेबलावर एका दिवंगत व्हायोलिनवादकाचा, वाजवतानाचा जुना फोटो. इथेच काम करणारी त्यांची मुलगी तो भिंगातून पाहते आहे. समोर त्यांच्यावरच्या चित्रपटाचा दिग्दर्शक.)

मुलगी: पुरुषांच्या शर्टाला डावी पट्टी वर असते. इथे उजवी वर आहे.

दिग्दर्शक: ताई, मी चित्रपटाचं बोलायला आलोय, आणि तुम्ही पट्ट्या कसल्या बघताय!

मुलगी: फोटो उलटा छापलाय. आरशात दिसतो तसा. बाबा डावखुरे नव्हते. गज उजव्याच हातात धरायचे.

दिग्दर्शक: थांबा, थांबा. डावखुऱ्या पोराला गुरुजी छडी मारतात, हा माझा पहिला प्रसंग आहे!

मुलगी: तो कुठून आणलात?

दिग्दर्शक: याच फोटोवरून. वाजवताना दुसरा फोटो त्यांनी काढूच दिला नाही ना! नऊ वर्षं झाली, ताई. दोन निर्माते पळाले, पाच पटकथा रद्दीत गेल्या. पहिला नट वाट बघता बघता आजोबांच्या भूमिका करायला लागला. दुसरा दोन वर्षं डाव्या हातात गज धरून उलट्या तारांवर घासतोय बिचारा.

मुलगी: मला विचारायचं होतंत.

दिग्दर्शक: विचारणार कसं? मी ‘हात’ म्हटलं की तुम्ही फोन ठेवता.

मुलगी: तुम्हाला पडद्यावर माझे हात हवे होते म्हणून.

दिग्दर्शक: बोटं हुबेहूब त्यांची. शिवाय चौदा वर्षं त्यांच्याकडे शिकलात. सोडलंत का, ते कधी सांगितलं नाहीत.

मुलगी: भर मैफलीत म्हणाले, “हिच्या हातात सूर नाही, फूटपट्टी आहे.” सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर कुणासमोर वाजवलं नाही.

दिग्दर्शक: आणि एकटीनं?

मुलगी: रोज. दार लावून.

दिग्दर्शक: रोज! मग खरं सांगा, सूर आहे का?

मुलगी: आहे. ते चुकले होते.

दिग्दर्शक: बरं... चित्रीकरण तीन आठवड्यांवर आलंय. सगळी दृश्यं आरशासारखी उलटवली तर?

मुलगी: उलटवा. मग प्रत्येक शर्ट, प्रत्येक पाटी, भिंतीवरचं घड्याळसुद्धा उलटं बनवून घ्या.

दिग्दर्शक: नको, आगीतून फुफाट्यात! छडी उडवतो. व्हायोलिन नुसतं नीट धरायला नटाला तीन आठवडे पुरतील. जवळून फक्त त्याचा चेहरा घेतो. हातांचं काय, ते मात्र गुरुवारी निर्मात्याला सांगावं लागेल. नाहीतर हा तिसराही जाईल. कुणी दुसरा वाजवणारा शोधू?

मुलगी: शोधू नका.

दिग्दर्शक: मग?

मुलगी: गुरुवारी त्याला घरी घेऊन या. वाजवीन मी. आणि चित्रपटाच्या शेवटी ‘त्यांची कन्या’ असं लिहू नका. नुसतं ‘व्हायोलिन’, आणि त्यापुढे माझं नाव.