लिंबू राहिलं बाजूला

...नाही नाही, लिंबू बाजारात मिळतं, ते मलाही माहीत आहे हो! ढिगानं मिळतं! बायको तेच म्हणते, वरच्या मजल्यावरच्या काकू तेच म्हणतात, आणि माझ्याकडे गाडी शिकायला येणारी माणसं पण तेच म्हणतात, तेही समोरचा रस्ता सोडून माझ्याकडे बघत, म्हणजे जीव मुठीत धरून ऐकायचं आणि पाय ब्रेकवर ठेवायचा! पण तुम्हाला सांगतो, आपल्या गॅलरीतलं, आपण पाणी घातलेल्या झाडाचं, आपल्या हातानं तोडलेलं लिंबू... त्याची गोष्ट वेगळी असते की नाही? एक लिंबू! फार मागितलं का मी?

दिवसभर मी बाजूच्या सीटवर बसतो. आयुष्यच बाजूच्या सीटवर गेलंय माझं. गाडी चालवणार दुसरा, घाम फुटणार मला. 'क्लच, क्लच, अहो क्लच, तो नव्हे, तो वायपर!' असं ओरडून ओरडून घरी आलं की गॅलरीत त्या कुंडीपाशी उभं राहायचं, एवढंच काय ते सुख. एक झाड असं होतं की ज्याला मी काही शिकवलं नव्हतं, तरी ते सरळ जात होतं! त्यात त्या वर्षी फुलं आली. पांढरी, एवढी एवढीशी, काय वास! मी बायकोला हाताला धरून आणलं. "बघ, आता लिंबू." ती म्हणाली, "हं." तिचं लक्षच नव्हतं, आणि कसं असणार...

कारण तेव्हाच बाबा आमच्याकडे आले होते. बाबा म्हणजे बायकोचे वडील, माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि बायको त्यांना घेऊन आली, एक बॅग आणि एक खुर्ची. खुर्ची त्यांचीच, तिच्यावाचून यायला तयार नव्हते. ती गॅलरीच्या दाराशी ठेवली, त्यात ते बसले, आणि बसले ते बसलेच! जिना उतरायचे नाहीत. बोलायचे नाहीत. सगळा संसार तीन शब्दांत... 'हं', 'नको' आणि 'असू दे'. "बाबा, चहा?" "हं." "बाबा, खाली चक्कर मारायची?" "नको." "बाबा, अहो पंखा बंद आहे, लावू का?" "असू दे." मी गाडीतले किस्से सांगायचो, साभिनय! एक गृहस्थ रिव्हर्स टाकून थेट न्हाव्याच्या दुकानात शिरले, खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं पळालं... हसून हसून मीच लोळायचो. बाबा भिंतीकडे बघत. बायको स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायची. नळाच्या आवाजात रडता येतं ना, म्हणून.

तर अशात एक दिवस बघतो, लिंबाच्या पानांवर पाखरांनी घाण केलेली. ओलं फडकं घेतलं, पुसायला गेलो, तर ती घाण... चालायला लागली! चालायला लागली हो! वाकून बघतो तर अळ्या. आणि बाकीच्या पानांचे कडेकडेनं घास घेतलेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात! एकीला चिमट्यानं उचलायला गेलो तर तिनं डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढली, माझ्यावर रोखली, आणि असा घाण वास सोडला की मी दोन पावलं मागे! माझ्याच गॅलरीत! माझंच झाड खाऊन! मला शिंगं! एक लिंबू मागितलं होतं, फार मागितलं का मी?

मी चिमटा पुन्हा पुढे नेला आणि मागून आवाज आला.

"राहू द्या तिला. जेवतेय ती."

मी वळलो. गॅलरीत दुसरं कोणी नव्हतं. बाबा! अख्खं वाक्य! त्यात कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं! बायको साबणाचे हात घेऊन धावत आली, "कोण बोललं? बाबा बोलले?" मी चिमटा हातात धरून उभा. तिनं माझ्याकडे बघितलं, अळीकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. मला म्हणाली, "चिमटा ठेवा." बास. संपलं. त्या दिवशी माझ्या लिंबाचा निकाल लागला.

मग काय विचारता! खुर्ची दारातून गॅलरीत सरकली. बाबा अळ्यांशी गप्पा मारायला लागले. "सावकाश गं. पळून जातंय का पान?" लेकीला सांगायचे, आज हिनं कात टाकली, आणि टाकलेली कात खाऊनही टाकली, काही वाया घालवत नाही हो, गुणाची आहे. माझ्या न्हाव्याच्या किश्शाला न हसलेला माणूस अळीच्या लेंड्यांचं कौतुक सांगतोय! मी बायकोला म्हटलं, "माझ्याशी बोलत नाहीत, अळीशी बोलतात." ती म्हणाली, "तुम्ही ऐकून कुठे घेता? ती ऐकते." घ्या!

वरच्या काकू कठड्यावरून वाकून ओरडायच्या, "अहो मास्तर, झाडाचा खराटा झाला की! मी औषध देते, एक फवारा मारा, टपाटप पडतील सगळ्या!" आणि मी... मी, ज्याचं झाड होतं तो मी... वर बघून म्हणायचो, "काकू, हळू बोला. ऐकतायत ते."

पण फवारा मारावाच लागला नाही. एका सकाळी एक पाखरू आलं आणि बाबा अंघोळीहून येईपर्यंत सगळ्या वेचून गेलं. सगळ्या! बाबा आले, पानं उलटीसुलटी केली, खाली बघितलं, कुंडीमागे बघितलं... आणि खुर्ची उचलून पुन्हा दाराच्या आत ठेवली. "बाबा, चहा?" "नको." झालं, आलो पुन्हा तीन शब्दांवर. बायकोनं नळ सोडला.

माझ्याच्यानं नाही बघवलं. मी गुडघे टेकले, चष्मा वर केला आणि त्या खराट्याचं पान न् पान तपासलं, अळी सापडावी म्हणून! ज्या माणसाला लिंबू हवं तो देवाकडे अळी मागतोय! आणि तुम्हाला सांगतो, अगदी बुंध्याजवळच्या पानाखाली एक होती. सगळ्यांत धाकटी, तांदळाच्या दाण्याएवढी. मी असा ओरडलो की काकू वरून म्हणाल्या, "लिंबू लागलं का?"

तिचं नाव आम्ही ठेवलं शेंडेफळ. मी बायकोचा जुना पडदा फाडून कुंडीभोवती जाळी बांधली. न विचारता फाडला, ती काही बोलली नाही, यावरून काय ते ओळखा. बाबा खुर्ची घेऊन परत बाहेर. सगळं सुरळीत, फक्त एक अडचण... खाणार काय? झाडावर कोवळी पानंच उरली नव्हती! थोरल्या बहिणी सगळं चट्टामट्टा करून गेलेल्या! शेंडेफळ काड्यांवरून वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. बाबा माझ्याकडे बघायचे. नुसते बघायचे. सासरा असा बघायला लागला की जावयानं काय करायचं?

त्या दिवशी बँकेतल्या एक बाई शिकत होत्या माझ्याकडे. फार चांगल्या बाई, दुसऱ्या गिअरच्या पुढे मात्र जात नाहीत. चाललोय आम्ही बैलगाडीच्या वेगानं, आणि एका बंगल्याच्या कुंपणावरून लिंबाची फांदी बाहेर आलेली! "ब्रेक!" मी माझ्याच पायानं दाबला. बाई किंचाळल्या, "कोण आडवं आलं?" म्हटलं, "कोणी नाही, तुम्ही बसा," आणि गेलो, बेल वाजवली. मालक आले, बनियनवर. म्हटलं, "तुमचं लिंबाचं झाड..." ते म्हणाले, "हो हो, घ्या की! फार धरलंय यंदा," आणि ओंजळभर लिंबं पुढे केली. पिवळीधमक! टपोरी! माझ्यासमोर! आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "लिंबं नकोत. पानं मिळतील का? कोवळी? औषध मारलेलं नाही ना?" ते माझ्याकडे बघत राहिले. मागे गाडीवरची पाटी वाचली, 'शिकाऊ चालक'. मग काहीतरी समजल्यासारखी मान हलवली आणि म्हणाले, "तुम्हाला हवी तेवढी घ्या. काळजी घ्या."

शेंडेफळ वाढलं! हिरवंगार, करंगळीएवढं. बाबा पानं धुवायचे, पंच्यानं कोरडी करायचे, मग वाढायचे. आणि मला सांगायचे, जेवताना हो, आपणहोऊन, की सासूबाई पण अशाच कडेपासून खायच्या. भाकरी असो, वडी असो, कडा आधी, मधला भाग शेवटी. "मी विचारायचो, असं का? तर म्हणायची, चांगलं शेवटी राहू दे." बायको वाढायची थांबली. तिला माहीतच नव्हतं हे.

मग ती अळी एका काडीला चिकटली, कमरेभोवती धागा बांधून घेतला, अगदी सीटबेल्ट! माझे विद्यार्थी कधी लावत नाहीत, तिनं न सांगता लावला. आणि झाला कोश. हिरवा, पानासारखा. बाबा समोर बसून. पेपर नाही, रेडिओ नाही, कोश. आम्ही दोघं खूश. आणि एका दुपारी मी बघतो... कोश काळा पडलेला. पार काळा! बायकोला बाजूला नेलं, कुजबुजत म्हटलं, "गेली वाटतं." ती म्हणाली, "दुसरा कोश आणून लावता येईल का हो? गुपचूप?" "कुठून आणू? वाण्याकडे मिळतो?" "तुम्ही सांगा मग त्यांना." "मी? वडील तुझे!" "झाड तुमचं!"

शेवटी गेलो. उकिडवा बसलो खुर्चीशी. म्हटलं, "बाबा... ती बहुतेक... गेली."

बाबा म्हणाले, "तिच्या वेळी पण डॉक्टर 'बहुतेक'च म्हणाले होते. मला बाहेर थांबायला सांगितलं. नातेवाइकांनी आत थांबायचं नसतं म्हणे. थांबलो. आत काय झालं ते कधी कळलंच नाही मला." आणि कोशाकडे बघून म्हणाले, "इथून मला उठवू नका आता."

कोण उठवतो? मी ड्रायव्हिंगचे सगळे क्लास रद्द केले आणि शेजारी स्टूल टाकलं. बाजूच्या सीटवर बसायची सवय आहेच मला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन नुकतं कठड्यावर आलं होतं, कोशाला चीर गेली! काळा पडला होता तो आत पंख रंगले म्हणून, मेला म्हणून नाही! आम्हाला काय माहीत! बाहेर आलं ते काहीतरी ओलं, चुरगळलेलं, पंख म्हणजे भिजलेल्या कागदाच्या घड्या. मला राहवेना, वाटलं जरा उलगडून द्यावे, हात पुढे केला तोच बाबा ओरडले, "हात लावू नकोस! करू दे तिचं तिला!"

'नकोस' म्हणाले हो! लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी 'तुम्ही'शिवाय बोलले नव्हते माझ्याशी. मी हात मागे घेतला आणि... धूळ गेली डोळ्यात.

त्यांनी बोट पुढे धरलं. ती चढली बोटावर. आणि हळूहळू ते पंख भरायला लागले, काळे, त्यावर पिवळे ठिपके, खाली शेवटाला तांबडा टिळा. बाबांचा हात अधांतरी, अवघडायला लागला, खाली घेतील तर ती पडेल. मग मी काय केलं, खालून त्यांच्या कोपराला माझा तळहात लावला. बायको आली आणि तिनं माझ्या कोपराला हात लावला. असे आम्ही तिघं, एकमेकांना धरून, गॅलरीत पुतळे! दूध उतू गेलं तिकडे, गेलं तर गेलं!

आणि उडाली. कठड्यावरून वर. अळी ती, कोश तो, फुलपाखरू ते, हे व्याकरण मला येतं, पण बाबा शेवटपर्यंत 'ती'च म्हणत होते, म्हणून मीही. वरून काकूंचा आवाज, "अहो मास्तर, माझ्या फुलांवर बघा काय सुंदर फुलपाखरू आलंय! तुमच्याकडे असलं काही येत नसेल ना?" बाबा हसले! मोठ्यानं! आणि लेकीला म्हणाले, "भूक लागलीय गं."

पुढे झाडाला नवी पालवी फुटली, मी म्हटलं, आता तरी! एक लिंबू! फार मागितलं का मी? तर एक फुलपाखरू येऊन नव्या पानांवर अंडी घालून गेलं. बाबांनी मला हाक मारून दाखवली. मी काय करणार, गेलो नर्सरीत, म्हटलं एका झाडावर नाही भागायचं. नर्सरीवाल्यानं रोप पुढे केलं, "हे न्या साहेब, औषध मारून ठेवलंय, एक अळी फिरकणार नाही." म्हटलं, "नको, नको. अळी लागणारं आहे का एखादं?"

तो बघतच राहिला. म्हणाला, "कमाल आहे! आजचं दुसरं गिऱ्हाईक. सकाळी एक आजोबा येऊन गेले, चालत. बिनऔषधाची होती नव्हती तेवढी सगळी रोपं राखून ठेवायला सांगितलीत."

चालत! जिना उतरून! एकटे! मी त्याला म्हटलं, "एवढी ठेवणार कुठे म्हणाले?"

"विचारलं ना मी. म्हणाले, जावई करेल जागा. चांगला आहे हो स्वभावानं, फक्त सारखं लिंबू लिंबू करतो, तेवढं आपण मनावर घ्यायचं नाही."

...मी डिकी उघडली, आणि लागलो रोपं भरायला.